नऊ महिन्यांच्या लेकीची खेळणी: करवंट्या, चिमणाळं आणि बॅटरीचा हत्ती

सुरंगीचा_वळेसर | १४ जून, रात्री १०:२०

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढते.

आम्ही वेंगुर्ल्याजवळ एका वाडीत राहतो. लेक नुकतीच नऊ महिन्यांची झाली. मे महिन्यात मुंबईची मंडळी येऊन गेली आणि प्रत्येकाने तिच्यासाठी काही ना काही आणलं. पडवीतली टोपली आता भरून वाहते आहे. पोटावरचं बटण दाबलं की इंग्रजी गाणं म्हणणारा हत्ती, एबीसीडी बोलणारा लॅपटॉप, दिवे लागणारा फोन, आत बसवायचा वॉकर. सगळं मायेने आणलेलं. नणंद दर दोन दिवसांनी विचारते, "खेळते ना गं? बुद्धीला चालना देणारी आहेत, खोक्यावरच लिहिलंय." खरं सांगायचं तर ती हत्तीकडे दोन मिनिटं टक लावून बघते आणि मग माझ्याकडे रांगत येते.

गेल्या गुरुवारी दिवसभर पाऊस, लाईट नाही. मी आडाळ्यावर नारळ खवत होते, ही शेजारी उंबऱ्याजवळ बसलेली. घासून गुळगुळीत केलेल्या दोन करवंट्या तिच्यापुढे ठेवल्या. उंबऱ्याच्या आत लादी, बाहेर मागच्या पडवीत शेणाने सारवलेली जमीन. तिने करवंटी लादीवर आपटली, टक्क वाजली. मग सारवणावर आपटली, आवाज बसका. थांबली. करवंटीकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. परत लादीवर, परत सारवणावर. मी मोजलं नाही, पण माझे दोन नारळ खवून झाले तरी हे चालूच होतं. इतका वेळ एका गोष्टीत रमलेली मी तिला पाहिलीच नव्हती.

मग मी गंमत म्हणून करवंटीखाली लिंबू लपवलं. तिने करवंटी उचलली, लिंबू काढलं, खूश. चार-पाच वेळा उजव्या करवंटीखाली ठेवलं, दर वेळी बरोबर काढलं. मग तिच्या डोळ्यांदेखत डाव्या करवंटीखाली ठेवलं. तिने पाहिलंसुद्धा. आणि उचलली उजवीच! खाली काही नाही म्हणून चेहरा गोंधळलेला. परत केलं, परत तेच. तेव्हापासून मनात धाकधूक आहे. सासूबाई म्हणतात, "अगो, तिका हळूहळू कळात, तू कित्याक घाबारतंस?" तरी विचारते.

हे असं होणं ठीक आहे ना? आणि या वयात बुद्धीच्या वाढीला खरोखर मदत होते ती कुठल्या खेळण्यांनी?

कातळफूल | १४ जून, रात्री ११:०५

सासूबाईंचं बरोबर आहे, अजिबात घाबरू नका. मी रत्नागिरीत लहान मुलांच्या विकासावर काम करते. तुम्ही स्वयंपाकघरात बसून जो प्रयोग केलात तो मानसशास्त्रातला फार प्रसिद्ध प्रयोग आहे, आणि तुमच्या लेकीने नऊ महिन्यांच्या बाळाने करावं तेच केलं.

ज्याँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाने आपल्या स्वतःच्या तीन मुलांना असंच बघून बघून टिपणं ठेवली. साधारण आठ महिन्यांच्या आधी एखादी वस्तू पूर्ण झाकली की बहुतेक बाळं ती शोधायला हात घालत नाहीत. आठव्या महिन्याच्या आसपास झाकण उचलून शोधायला लागतात. आठ ते बारा महिन्यांत नेमकी ही चूक दिसते: आधी जिथे सापडली तिथेच हात जातो, जरी आता दुसरीकडे ठेवलेली डोळ्यांनी पाहिली असली तरी. पियाजेचं म्हणणं होतं की बाळाला अजून वस्तू आणि आपली कृती वेगळी करता येत नाही. पुढच्या संशोधकांनी त्यात दुरुस्ती केली. वस्तू झाकली तरी आहेच, याची थोडी जाण त्याच्याही आधी, चार-पाच महिन्यांच्या बाळांना असते असं त्यांच्या नजरेवरून दिसतं. अडचण हाताची आहे. चार वेळा उजवीकडे गेलेला हात थांबवायचा आणि नुकतंच पाहिलेलं डोक्यात धरून ठेवायचं, ही दोन्ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाची, आणि तो भाग अजून घडतो आहे.

आता एक करून बघा. लिंबू डाव्या करवंटीखाली ठेवल्यावर लगेच, श्वास घ्यायलाही न थांबता, करवंट्या तिच्याकडे सरकवा. मग तीन-चार आकडे मोजून सरकवा. १९८५ साली अ‍ॅडेल डायमंड यांनी दाखवलं की साडेसात महिन्यांची बाळं दोन सेकंद थांबवलं तरी चुकतात, आणि वर्षाच्या बाळाला चुकवायला दहा सेकंदांच्या वर थांबावं लागतं. मधल्या काळात ही मुदत दर महिन्याला साधारण दोन सेकंदांनी वाढत जाते. तुमच्याकडे काय होतं ते नक्की लिहा.

आणि लादी-सारवणाचं जे लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. एकच वस्तू, एकच हात, जमीन वेगळी, आवाज वेगळा. ती ताडून पाहत होती. तुम्ही मध्ये बोलला नाहीत, करवंटी हातातून घेऊन "असं वाजव" म्हणाला नाहीत, हे फार चांगलं केलंत.

पडवीतली_आजी | १५ जून, सकाळी ७:४०

आमच्या गुहागरकडे पाळण्यावर चिमणाळं बांधायची पद्धत अजून आहे. जुन्या साडीच्या काठांच्या चिमण्या शिवायच्या, आत कापूस, लाल-हिरवे-पिवळे गोंडे. माझ्या नातवाचं मी स्वतः शिवलं. तो तीन महिन्यांचा असताना एक गोष्ट ध्यानात आली. आधी तो पाय कसेही झाडायचा. पाळणा हलला की चिमण्या हलायच्या. दोन दिवसांत त्याने हे हेरलं. मग चिमण्यांकडे बघत पाय जोरात झाडायचा, थांबायचा, वर बघायचा, चिमण्या संथ झाल्या की परत झाडायचा. मी सुनेला म्हटलं, याला कळलंय कोण हलवतंय ते. ती हसली. पण मला खात्री आहे.

कातळफूल | १५ जून, सकाळी ९:१५

आजी, तुमची खात्री शंभर टक्के खरी आहे. अमेरिकेत कॅरोलिन रोव्ही-कोलियर या बाईंनी १९६९ साली हेच प्रसिद्ध केलं. बाळाच्या घोट्याला रिबन बांधून तिचं दुसरं टोक पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याला बांधलं. पाय हलला की खेळणं हलतं. बाळं काही मिनिटांत पाय कितीतरी जास्त झाडायला लागली. पुढे त्यांनी यावरूनच बाळाची स्मरणशक्ती मोजली. तीन महिन्यांच्या बाळाला ही युक्ती साधारण आठवडाभर आठवते, सहा महिन्यांच्या बाळाला दोन आठवडे. त्याआधी इतक्या लहान बाळाला काही लक्षात राहतं यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता.

मला खेळण्याची पारख इथेच वाटते. बाळाने काही केलं, त्याचं उत्तर खेळण्याने दिलं, आणि ते उत्तर बाळाच्या कृतीप्रमाणे बदललं. हळू पाय, हळू चिमणी. जोरात पाय, जोरात चिमणी. करवंटीचंही तेच. हत्तीचं पोट हळू दाबा की जोरात दाबा, गाणं तेच आणि तेवढंच.

एक मात्र पाळा: टांगलेली दोरी बाळाच्या हाताला लागेल एवढी लांब नको, आणि बाळ हातांवर रेटून छाती उचलायला लागलं (साधारण पाचवा महिना) की चिमणाळं काढून ठेवायचं. गळ्याशी दोरी येण्याचा धोका खरा असतो. घोट्याला रिबन वगैरे घरी बांधू नये.

चाकरमानी_डोंबिवली | १५ जून, दुपारी १:३०

मी थोडं वेगळं लिहितो. कणकवलीजवळचं मूळ गाव, पण राहतो डोंबिवलीत. आम्ही दोघं नोकरी करतो, घरात तिसरं माणूस नाही. सव्वा वर्षाचा मुलगा गाणाऱ्या खेळण्यापाशी पंधरा मिनिटं बसतो, तेवढ्यात बायकोचा कुकर होतो. सारवलेली जमीन आणि आडाळा सगळ्यांच्या नशिबात नसतो. प्रत्येक वेळी जुनं ते सोनं म्हटलं की आमच्यासारख्यांना अपराधी वाटतं. त्या खेळण्यांनी खरोखर नुकसान होतं का? आणि वॉकरचं काय? तो आम्ही वापरतोय.

कातळफूल | १५ जून, रात्री ९:५०

तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते.

कुकर होईपर्यंत पंधरा मिनिटं गाणाऱ्या हत्तीने बाळाचं नुकसान होत नाही. मनातून काढून टाका. अपेक्षा मात्र नेमकी ठेवा: तो हत्ती तुम्हाला पंधरा मिनिटं देतो, बाळाला भाषा देत नाही. २०१६ साली अ‍ॅना सोसा यांनी दहा ते सोळा महिन्यांची २६ बाळं आणि त्यांच्या पालकांना घरीच तीन प्रकारच्या वस्तू दिल्या: बॅटरीची बोलकी खेळणी, लाकडी कोडी-ठोकळे वगैरे साधी खेळणी, आणि पुठ्ठ्याची पुस्तकं. आवाज ध्वनिमुद्रित केले. बोलकं खेळणं असताना आई-बाप कमी बोलले, आणि बाळाच्या आवाजाला कमी वेळा उत्तर दिलं. पुस्तक असताना बोलणं सगळ्यांत जास्त झालं, साधी खेळणी मधोमध. खेळणं बोलायला लागलं की माणूस गप्प बसतो, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा दिवसातून एकदा त्या हत्तीचा सेल काढा आणि तुम्ही स्वतः हत्ती व्हा. सोंडेने भात खाणारा, झोपणारा, शिंकणारा. मुलगा सव्वा वर्षाचा आहे, थोड्याच महिन्यांत तो हत्तीला खोटं खोटं भरवायला लागेल. एक वस्तू दुसरीच समजून वागणं ही पुढे शब्द आणि आकडे यांच्या मुळाशी असलेली क्षमता आहे.

सारवलेली जमीन नसली तर डोंबिवलीत स्टीलचं ताट आणि चटई आहेच. आपटून बघू दे.

वॉकरबद्दल मात्र मी ठाम आहे: काढून टाका. आत बसवायच्या वॉकरमध्ये बाळ चवड्यांवर रेटतं, तोल सांभाळावा लागत नाही, ट्रेमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत. १९९९ सालच्या एका अभ्यासात अशा वॉकरमध्ये वाढलेली बाळं बसायला, रांगायला आणि चालायला उशिरा लागलेली दिसली. शिवाय पायरीवरून, उंबऱ्यावरून उलटण्याचे अपघात. कॅनडाने २००४ पासून त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली आहे.

पांगारा | १५ जून, रात्री १०:३०

पांगुळगाडा आणि वॉकर यात लोक गल्लत करतात, म्हणून लिहितो. आमचं घर सावंतवाडीचं, घरात लाकडी खेळणी रंगवण्याचं काम. पांगुळगाडा म्हणजे तीन चाकांची लाकडी चौकट, बाळ तिच्या मागे उभं राहतं आणि आडव्या दांडीला धरून ढकलतं. तोल बाळालाच सांभाळावा लागतो, पाय पूर्ण टेकतात, गाडा पुढे पळाला तर सावरायलाही बाळालाच शिकावं लागतं. स्वतःहून धरून उभं राहणाऱ्या बाळालाच द्यायचा, त्याआधी नाही. चाक गुळगुळीत लादीवर फार पळतं, खळ्यात किंवा सारवलेल्या जमिनीवर बरोबर चालतं. लादीवर द्यायचाच तर पुढच्या आडव्या पट्टीवर विटेचं वजन बांधा.

आमच्या चितार आळीत, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या गल्लीत, येणारे आई-बाप हमखास लाकडी फळं उचलतात. आंबा, केळं, सीताफळ, फणस. ती मनापासून आवडतात, आम्हालाही करायला आवडतात, पण ती शोभेची आहेत. खरं सांगायचं तर वर्षाच्या आतल्या बाळासाठी नाहीत. त्या वयात सगळं तोंडात जातं. हल्ली बरेचसे रंग तयार डब्यातले असतात, आणि बाळाची लाळ आणि दात त्यांच्यावर पडले की पापुद्रे सुटतात. लहान बाळासाठी हवं असेल तर कारागिराला सांगा, बिनरंगी द्या, पॉलिशकागदाने घोटून. आमच्याकडे पांगाऱ्याचं लाकूड वापरतात, ते वजनाला इतकं हलकं की बाळाने स्वतःच्या कपाळावर आपटलं तरी फारसं लागत नाही. एक जाड कडी, एक खुळखुळा, चार ठोकळे, बस.

आयएसआय चिन्हाचं विचारतात. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे, पण हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून हातच्या खेळण्यावर चिन्ह नसलं तर ते वाईट असं नाही. रंग कुठला, हे तोंडाने विचारायचं. सांगणारा सांगतो.

माडाचं_बन | १६ जून, सकाळी ६:५५

सुरक्षिततेवर मलाही लिहायचंय. अंगावर काटा आलेला प्रसंग आहे.

मुलगी अकरा महिन्यांची. भेट आलेलं एक दिवे लागणारं खेळणं तिच्या हातून पायरीवर पडलं. मागचं झाकण स्क्रूचं नव्हतं, नुसतं दाबून बसवलेलं. ते उघडलं आणि चपटा सेल बाहेर आला. मी स्वयंपाकघरात होते. आवाज बंद झाला म्हणून बाहेर आले तर सेल तिच्या चिमटीत, तोंडापासून वीतभर. दोन सेल असायचे त्यात, एकच सापडला. रात्री साडेआठला रिक्षा करून दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, पोटात काही नव्हतं. दुसरा सेल दुसऱ्या दिवशी पायपुसण्याखाली मिळाला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत भाजतं, म्हणून "उद्या बघू" असं कधीच करायचं नाही. ज्या खेळण्याचं सेलचं झाकण स्क्रूचं नाही ते मी आता घरात घेत नाही.

आणि आपल्या भागातल्या दोन गोष्टी. एक, गुंजा. लाल-काळ्या, दिसायला गोड, कोणी कोणी खुळखुळ्यात भरतात किंवा माळ करतात. गुंज फुटली किंवा चावली गेली तर जहाल विषारी आहे. दुसरी, काजूच्या बिया. हंगामात अंगणात पसरलेल्या असतात. टरफलातल्या तेलाने मोठ्या माणसाचे हात भाजतात, बाळाच्या ओठांचं काय होईल.

कातळफूल | १६ जून, सकाळी ८:३०

ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मापाचं सांगते: तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जी चाचणीची नळी वापरतात तिचा व्यास ३.१७ सेंटीमीटर असतो. त्यातून आत जाईल ते बाळाच्या हातात नको. घरी टॉयलेट पेपरची पुठ्ठ्याची नळी थोडी मोठी असते, ती वापरा, म्हणजे जास्तच सावध राहाल. सागरगोटे, कवड्या, सुपाऱ्या, चिंचोके सगळे या नळीतून जातात. ते आजीच्या मांडीवर बसून बघायचे, हातात द्यायचे नाहीत. सुरंगीताई, तुमचं लिंबूही मोठंच घ्या.

देवगडची_ताई | १६ जून, दुपारी ३:१०

मी अंगणवाडी सेविका, एकवीस वर्षं झाली. आमच्याकडे मच्छीमारांची वस्ती. खेळणी विकत घेण्याइतके पैसे प्रत्येक घरात नसतात, आणि आया म्हणतात, "ताई, आमच्याकडे काही नाही म्हणून पोर मागे पडेल का?" या प्रश्नाला माझ्याकडे बरीच वर्षं धड उत्तर नव्हतं.

मग एका प्रशिक्षणात जमैकाची हकिकत ऐकली, नंतर स्वतः शोधून वाचली. जमैका म्हणजे बेट, आपल्यासारखाच समुद्र, नारळ, गरिबी. तिथे किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली कुपोषणाने उंची खुंटलेली नऊ ते चोवीस महिन्यांची १२९ मुलं निवडली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका जायची. डॉक्टर नाही, शिक्षिका नाही, आमच्यासारखीच वस्तीतली बाई. तासभर बसायची, आईला बरोबर घेऊन बाळाशी खेळायची. खेळणी घरगुती, टाकाऊ वस्तूंपासून केलेली. जाताना ती तिथेच ठेवायची, आणि पुढच्या आठवड्यात जुनी घेऊन नवी ठेवायची. दोन वर्षं हे चाललं. ती मुलं मोठी झाल्यावर, वीस वर्षांनी, संशोधक परत गेले. ज्यांच्या घरी खेळ झाला होता त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त होती. हा अहवाल २०१४ साली छापून आला.

मी तेव्हापासून ठरवलं. आपल्याकडे औषधाच्या स्वच्छ बाटल्या आहेत, कापडाचे तुकडे आहेत, करवंट्या आहेत. बाटलीत तांदूळ, दुसरीत खडे, तिसरी रिकामी, झाकणं चिकटवून पक्की केलेली. तिन्ही दिसायला सारख्या, आवाज वेगळे, वजन वेगळं. सात-आठ महिन्यांचं बाळ रिकामी बाटली हलवतं, आवाज येत नाही, तेव्हा त्याचा चेहरा बघा. परत परत हलवून बघतं आणि मग टाकून देऊन तांदळाची उचलतं. अशी आठ पिशव्यांची खेळणी मी केली आणि घराघरांत फिरवते. दर आठवड्याला पिशवी बदलते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी "नवचेतना" नावाचा आराखडा काढला, त्यात जन्मापासून महिन्यागणिक करायच्या १४० कृती दिल्या आहेत. त्यातल्या बहुतेकांना घरातल्याच वस्तू पुरतात. आपापल्या अंगणवाडीत विचारा.

मी गेल्यावर आया आधी लाजतात. "मी काय बोलू हिच्याशी, ती काय समजते?" मी म्हणते, मासे निवडताना बोल. "हा बांगडा, ही सौंदाळी, हिचं डोकं काढलं, बघ." बाळ हूं करतं, आई परत बोलते. दुसऱ्या महिन्यात मला सांगावं लागत नाही.

बोर्डीची_वाळू | १६ जून, संध्याकाळी ७:२०

देवगडच्या ताईंनी लिहिलेलं वाचून आमच्या बोर्डीची आठवण झाली. कोकणच्या पार उत्तर टोकाला, डहाणूच्या पुढे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली इथे गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, मातीची भांडी यांतूनच साधनं केली. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांपर्यंत. ती मुलं याहून थोडी मोठी होती, पण विचार तोच. गरीब मुलाला कमअस्सल साधन द्यायचं म्हणून हे केलेलं नव्हतं. त्यांना दिसलं की मूल स्वतःच्या परिसरातल्या वस्तूंवर जास्त नेटाने काम करतं.

हर्णैचा_दीपस्तंभ | १७ जून, पहाटे ४:१५

जहाजावरून लिहितोय. मुलगा चौदा महिन्यांचा, मी त्याला सलग सहा महिने पाहिलेला नाही. दोन वर्षांखाली स्क्रीन नको असं सगळीकडे वाचतो. मग रोज संध्याकाळचा व्हिडिओ कॉलही नको का? तेवढाच एक आधार आहे.

कातळफूल | १७ जून, सकाळी ८:१०

दादा, कॉल बंद करू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही घरच्यांशी होणारा व्हिडिओ कॉल या नियमातून वेगळा काढला आहे. कारण वर चिमणाळ्याचं सांगितलं तेच. कार्टून बाळाला उत्तर देत नाही, तुम्ही देता. सारखी खेळणी दोन्हीकडे ठेवा. घरी एक पिवळा चेंडू, तुमच्याकडे एक पिवळा चेंडू. तुम्ही टोपीखाली लपवा, तिकडे आई टोपीखाली लपवेल. त्याच्या हूंला थांबून उत्तर द्या. घरी याल तेव्हा तो चेंडू घेऊन या.

पडवीतली_आजी | १७ जून, सकाळी ८:४०

सुखरूप या हो. नातू चेंडू ओळखेल.

चाकरमानी_डोंबिवली | २१ जून, रात्री ११:००

कळवतो. वॉकर माळ्यावर टाकला. खेळणी सगळी एकदम बाहेर न ठेवता चारच ठेवली, बाकी पेटीत. बायकोने कुठेतरी वाचलं होतं. फरक जाणवतोय. आधी एक उचल, टाक, दुसरं उचल असं चालायचं. आता डबा आणि झाकण घेऊन बराच वेळ बसतो. काल झाकण उलटं लावत होता, बसेना, फिरवलं, बसलं. माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मी ऑफिसचा फोन तसाच कापला.

कातळफूल | २२ जून, सकाळी ७:३०

तुमच्या पत्नीने वाचलेलं बरोबर आहे. ओहायोतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार खेळणी आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी दुप्पट वेळ रमली आणि ते जास्त प्रकारांनी वापरलं. २०१८ चा अभ्यास आहे. पेटीतली खेळणी आठवड्याने बदला.

आणि फोन कापलात ते फार छान केलंत.

सुरंगीचा_वळेसर | १९ जुलै, रात्री ९:४५

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला महिना लावला. लावणी चालू होती.

कातळफूलताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. जूनमध्ये लिंबू ठेवल्या ठेवल्या करवंट्या सरकवल्या तर बरोबर डावीच उचलायची. मनात दोन मोजले तरी बरोबर. तीन-चार मोजले की चुकायची. मग रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा संध्याकाळी खेळलो. गेल्याच आठवड्यात दहा महिने पूर्ण झाले. परवा मी पाचपर्यंत मोजले, तेवढा वेळ ती डाव्या करवंटीवरून नजरच हलवेना. अंगही तिकडेच कललेलं. करवंट्या सरकवल्या आणि डावी उचलली. सहा मोजले तर चुकली. मला आता ती चुकल्याचंसुद्धा बघायला आवडतं, कारण चुकण्याआधी ती नजर थोडी इकडे तिकडे नेते हे दिसायला लागलंय.

देवगडच्या ताईंचं वाचून शेजारच्या दोन घरांशी बोलले. एका घरी सात महिन्यांचा मुलगा आहे, दुसरीकडे दीड वर्षाची मुलगी. तिन्ही घरांनी मिळून तीन टोपल्या केल्या आणि दर रविवारी फिरवतो. हत्ती सध्या दीड वर्षांच्या मुलीकडे आहे, सेल काढून. ती त्याला पेज भरवते असं तिची आई सांगत होती. नणंदेला ते सांगितलं तर तिला खूप आनंद झाला. येताना पुठ्ठ्याची पुस्तकं आणणार आहे.

आता पुढचं विचारते. गेले तीन दिवस लेक लिंबू पितळेच्या तांब्यात टाकते, आत बघते, हात घालते, निघत नाही. मग तांब्या उलटा करते. लिंबू पडलं की परत टाकते. सासूबाई तिच्यासमोर पाय पसरून बसतात आणि लिंबू घरंगळत गेलं की परत तिच्याकडे सरकवतात. या वयाला तांब्यापेक्षा रुंद तोंडाचं भांडं द्यावं की हेच राहू दे?

कातळफूल | १९ जुलै, रात्री १०:१०

हेच राहू दे. शेजारी एक रुंद वाडगा ठेवा, आणि ती कुठलं निवडते ते बघून लिहा.